मास्तर, तुझं मत कुणाच्या खिशात?

विधान परिषदेत ७८ खुर्च्या. त्यातल्या ७ शिक्षकांच्या. घटनेच्या १७१ व्या कलमात तशी सोय आहे. माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवतो, गेल्या ६ वर्षांत ३ वर्षं तरी शिकवलंय, त्या मास्तरनं आपला माणूस निवडावा. ऐकायला झकास. आता बाहेर कोण राहिला ते बघा. प्राथमिक शाळेतला गुरुजी! मतदारयादी घेऊन दारोदार तो फिरतो. मतदानाच्या आदल्या दिवशी मशीन काखोटीला मारून एस्टीतून बूथवर तो जातो, रात्री वर्गातल्या फरशीवर पेपर अंथरून तोच झोपतो. शिक्षणहक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नका. म्हणजे निवडणुकीला जुंपायला कायद्याची मुभा. पण शिक्षक मतदारसंघाची पेटी आली की हा शिक्षक नाही. आमच्या पोरांच्या हातात पहिली पाटी देणारा शिक्षक नाही.

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिबांनी प्राथमिक शिक्षणाचाच धोशा लावला होता. मास्तर कष्टकरी जातीतला हवा, रयतेत मिसळणारा हवा, त्याला पगार धड हवा. ज्याच्यासाठी जोतिबा भांडले नेमका तोच ह्या यादीत नाही. आणि ह्याबद्दल एकाही पक्षाला झोप लागत नाही असं काही माझ्या कानावर नाही.

बरं, जे आत आहेत त्यांचं काय? खासगी अनुदानित शाळा. पगार सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्याआमच्या घामाचा. नेमणूक मात्र संस्थाचालकाच्या ओटीवरून. संस्थाचालक कोण? आमदार, माजी मंत्री, कारखान्याचा चेअरमन, नाहीतर त्यांचा मेव्हणा. १९४८ च्या कायद्याआधी मुंबईच्या गोदीत टोळीवाला ज्याच्याकडं बोट दाखवील त्यालाच त्या दिवशी काम मिळायचं. बाकीचे गेटावरनं परत. शाळेतला टोळीवाला खादी घालतो एवढाच फरक. पवित्र पोर्टल आलं, गुणांवर भरती म्हणाले, तरी खासगी संस्थांसाठी मुलाखतीची खिडकी उघडीच ठेवली. त्या खिडकीतून काय आत-बाहेर जातं ते शेंबडं पोरही सांगेल. २०२५ साली नागपुरात शालार्थ आयडीचा घोटाळा उघडा पडला, खात्यातले अधिकारी आत गेले. पण त्या शाळा चालवणारी राजकीय घराणी जागच्या जागी आहेत.

ह्या मास्तरला निवडणुकीत सांगावं लागत नाही. संस्थेची जीप येते, तो बसतो. पत्रिका वाटतो, झेंडे बांधतो, सभेला पुढच्या रांगेत टाळ्या वाजवतो. आणि त्यात तो आपला असला, बौद्ध असला, तर त्याला वेगळं काम. ‘कांबळे, तुमच्या वाड्यातली मतं तुम्ही आणायची.’ हा हुकूम. अनुसूचित जातीचे १३ टक्के बिंदुनामावलीत आहेत, पण ती नामावली कपाटात आणि कपाटाची किल्ली अध्यक्षाच्या कमरेला. लायक उमेदवार मिळाला नाही, हा शेरा मारला की जागा रिकामी. जो एखादा घुसला त्यानं उपकार मानून वाड्याचा दलाल व्हायचं.

आता विनाअनुदानितवाल्यांची गोष्ट. २००१ साली सरकारनं नव्या शाळांवर ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का मारला. २००९ साली ‘कायम’ तेवढा खोडला. २०१६ साली २० टक्के अनुदान सुरू झालं. मग पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा आझाद मैदान, पुन्हा चिखल. २०२५ च्या जुलैतही पावसात बसलेलेच होते. बी.एड. झालेला माणूस पंधरा पंधरा वर्षं टप्प्याची वाट बघतो, सुट्टीत रानात मजुरीला जातो, लग्न लांबवतो. सगळं अनुदान एकदम दिलं तर तो मोकळा होईल ना! तुकडा तुकडा दिला की दर पाच वर्षांनी तो पुन्हा हात जोडून दारात. सरकारं बदलली, हा गळ कुणीच तोडला नाही. २००० सालच्या शिक्षणसेवकाचंही तेच. ३००० रुपयांत पोरगा राबवला, २०२३ साली मानधन १६००० केलं. नाव काय ठेवलं तर सेवक!

पण मास्तर अगदीच मेलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी जुनी पेन्शन देता येणार नाही, राज्य दिवाळखोरीत जाईल, असं सांगून टाकलं. महिन्याभरात शिक्षक मतदारसंघाची मतदानं लागली तशी भाषा मऊ झाली. तरी नागपुरात भाजपच्या पाठिंब्यावरचे नागो गाणार पडले, आघाडीचे सुधाकर अडबाले आले. पेटीवरचा पडदा अजून मास्तरच्या मालकीचा आहे. मात्र त्याच निवडणुकीत कोकणात भाजपचाच उमेदवार आला, तेव्हा फार हुरळून जाऊ नका.

माझं भांडण इथंच आहे. पेन्शन गेली तेव्हा मास्तर उठला. मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप केला. चांगलं केलं. पण पेन्शनवाला वेगळा, टप्पावाला वेगळा, प्राथमिकवाला वेगळा, सेवक वेगळा. एका मैदानात चार मांडव, आणि प्रत्येक मांडवात वेगळ्या पक्षाचा पुढारी येऊन पाणी पिऊन जातो. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं छोट्या शाळांतले शिक्षक कमी व्हायची वेळ आली. त्या कुणाच्या शाळा? तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वाड्यातल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिकचे गुरुजी एक दिवस सामुदायिक रजेवर गेले. आमच्या वस्तीत तरी आई-बापांना कुणी विचारायला आलं नाही, या आमच्याबरोबर म्हणून. आणि आपल्या छावणीतनंही कुणी गेलं नाही. मास्तर म्हणजे पांढरपेशा, असं आपण ठरवून टाकलंय. अरे, कंत्राटी मास्तर आणि कंत्राटी हमाल, दोघांच्या गळ्यात एकाच सावकाराचा पट्टा.

म्हणून दोस्तहो, पुढच्या खेपेला उमेदवार संस्थाचालकाच्या बंगल्यावर जेवायला जातील, तेव्हा आपण शाळेच्या फाटकावर उभं राहायचं. गुरुजीला मत देण्यासाठी १७१ वं कलम बदला, ही मागणी आहेच. पण ती दिल्लीत अडकेल. हातातलं काम आधी. अनुदान घेणाऱ्या शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे, अर्जाला १० रुपये लागतात. बिंदुनामावली मागा. किती जागा भरल्या, किती रिकाम्या, किती वर्षं. मग वस्तीतल्या बोर्डावर लिहायचं: संस्थेचं नाव, अध्यक्षाचं नाव, त्याच्या पक्षाचं नाव, आणि पुढं आकडा. खडू कांबळे मास्तरकडूनच मागून आणा.