झाकली मूठ आपणच उघडली!

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आमच्या गोव्यात एक चर्चा हटकून सुरू होते. भाजपने मातृभाषेच्या प्रश्नावर दगा दिला, आता आपल्या विचारांचा वेगळा पक्ष हवाच! बोलणारे आपलेच आहेत आणि त्यांची पोटतिडीक खरी आहे. म्हणूनच आम्ही थोडे कडू बोलणार आहोत.

दगा झाला, हे आम्हीही म्हणतो. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवण्याचा निर्णय झाला. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजी शाळांना खुले केले आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. ताई त्यात होत्या, सुभाष वेलिंगकर होते आणि भाजपचे नेतेही आमच्या सोबत घोषणा देत होते. २०१२ मध्ये भाजपचे २१ आमदार निवडून आले. इंग्रजी शाळांचे अनुदान मात्र चालूच राहिले!

२०१६ च्या ऑगस्टमध्ये वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून दूर केले गेले. २ ऑक्टोबरला गोवा सुरक्षा मंच हा पक्ष जन्मला आणि ४ फेब्रुवारी २०१७ ला मतदान! चार महिन्यांत पक्ष उभा राहतो काय? मगो आणि शिवसेनेशी युती झाली. भाजप २१ वरून १३ वर आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी पेढे वाटले. पण सुरक्षा मंचाला एकही जागा नव्हती आणि मार्चमध्येच आपला मित्रपक्ष मगो आपल्या तीन आमदारांसह पर्रीकरांच्या सरकारात जाऊन बसला. पुढे २०१९ मध्ये त्या तिघांपैकी दोघे भाजपवासीच झाले. त्याच वर्षी पणजीच्या पोटनिवडणुकीत खुद्द वेलिंगकर उभे राहिले. मते पडली ५१६.

वाचकहो, या ५१६ ने आपले खरे नुकसान केले. २०११ मध्ये आपल्यामागे किती मते आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळेच बिचकून होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती आपण स्वतः मतदानयंत्रावर नेऊन उघडली. चळवळीची ताकद मतांत मोजायला दिली की हेच होते.

मग ‘पक्षात राहूनच सुधारणा करू’ म्हणणारे शहाणे ठरले का? मुळीच नाही! पणजीत भाजपला हरवणारे काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात दोन महिन्यांत नऊ सहकाऱ्यांसह भाजपमध्ये आले. हे सुधारक तेव्हा कुठे होते? २०२२ मध्ये पर्रीकरांच्या मुलाला पणजीची उमेदवारी नाकारली गेली, तो अपक्ष लढून ७१६ मतांनी पडला. हे सुधारक कोणाच्या चिठ्ठ्या वाटत होते? त्याच सप्टेंबरात काँग्रेसचे आणखी आठ आमदार आले, तेव्हाही सारे गप्प. आत राहून गप्प बसायचे असेल तर त्याला सुधारणा म्हणू नये, सवय म्हणावे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. नवा पक्ष नको. पण फुकट राबणेही नको. घरोघरी फिरणारा, बूथवर दिवसभर बसणारा कार्यकर्ता आपल्यातलाच असतो. त्याने उमेदवाराला गावच्या बैठकीत सर्वांसमोर विचारावे: अनुदानाबाबत तुमची भूमिका काय? उत्तर लेखी घ्यावे. उत्तर नसेल तर त्या निवडणुकीत घरी बसावे, पण पक्षाचे सदस्यत्व सोडू नये. पक्ष सोडून गेलेल्यांना विसरता येते. आत राहून काम नाकारणाऱ्याची समजूत काढायला मात्र मंत्र्यालाही दारात यावे लागते. (आपल्यातल्या किती जणांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, हा प्रश्न येथे नको. सभेत जरूर विचारावा, आमच्यापासूनच सुरुवात करावी.)

मंडळाच्या पुढील सभेत आम्ही हाच ठराव मांडणार आहोत. वेगळा पक्ष हवा असणाऱ्यांनी यावे आणि विरोधात बोलावे. ज्यांच्या खिशात पक्षाचे सदस्यपत्र आहे, त्यांनी तर यावेच.