डोळे शाबूत, पण पाहणे?

मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, झालेल्या मुलाकडे पाहताना आपले लक्ष त्याच्या ताठरलेल्या पायांवर खिळते. याच व्याधीत पाहण्याच्या क्रियेतही बिघाड होऊ शकतो, याची जाण शाळांतून अभावानेच आढळते. वस्तुतः डोळा केवळ प्रतिमा टिपतो. तिचा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांत मेंदूतील पोकळ्यांलगतच्या भागाला अनेकदा इजा होते. पायांची हालचाल घडविणारे तंतू तेथूनच जातात आणि दृष्टीचेही. मग नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्यावरील सुटे अक्षर अचूक वाचणारे मूल पुस्तकाच्या भरगच्च पानावर तेच अक्षर शोधू शकत नाही. ओळ सुटते, बेरजेचे आकडे एकमेकांत मिसळतात. जिन्याची पायरी चुकते ती कित्येकदा खालच्या बाजूचे नीट न दिसल्यामुळे. खापर मात्र पायांवर फुटते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या. त्यांत मेंदूचा पक्षाघात आहे आणि अल्पदृष्टीही आहे. परंतु अल्पदृष्टीचा निकष कोणता? चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 हून अधिक नसणे, अथवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी असणे. पाहिलेल्याचा अर्थ लागतो की नाही, हे या मापात बसतच नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास याचे नवल वाटत नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

याहून गंभीर अन्याय बुद्धिमापनात होतो. ठोकळे रचा, आकृत्या जुळवा, अशा कसोट्या हात आणि नजर या दोन्ही दुबळ्या जागीच मुलाला गाठतात. गुणांक घसरतो, आणि मग मंदबुद्धीचा शिक्का बसतो. तो पुसण्याची तसदी पुढे सहसा कोणी घेत नाही.

उपाय पैशावाचून अडलेले नाहीत. एका पानावर एकच उदाहरण, ओळींत मोकळी जागा, एकच ओळ दिसेल अशी खाच पाडलेला पुठ्ठा, फळ्याभोवतीच्या तक्त्यांची गर्दी कमी करणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ देण्याची तरतूद उपरोक्त कायद्यात आहेच. त्याच न्यायाने परीक्षा मंडळांनी या मुलांसाठी प्रश्नपत्रिकाही पानागणिक मोजके प्रश्न घालून, मोकळ्या ओळींत छापावी. त्यासाठी लागेल ते एक परिपत्रक आणि थोडा अधिक कागद.