ट्रॅक्टरचे कागद आहेत, ट्रॉलीचे काय?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातल्या रात्रीच्या रस्त्यांचे रूप बदलते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर... कुठेही जा. पुढे एक ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशिग भरलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे वाढे, आणि मागच्या ट्रॉलीवर ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबण्याइतके अंतर उरलेले नसते.

अपघात झाला की चर्चा चालकाच्या लायसन्सवर सुरू होते. खरे तर लायसन्सचा गुंता न्यायालयाने बराचसा सोडवला आहे. घरे उद्ध्वस्त होतात ती मागच्या ट्रॉलीच्या कागदांपायी, आणि तिकडे कोणी बघत नाही.

ट्रॉली हे वाहन आहे का?

होय, आणि सगळे इथूनच सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी बनवलेले कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर. अपवाद फक्त सेमी-ट्रेलर आणि साइडकारचा. ट्रॉलीला स्वतःचे इंजिन नाही, म्हणून ती ट्रॅक्टरचे ‘सामान’ ठरत नाही. कायद्याच्या नजरेत रस्त्यावर एक नव्हे, दोन वाहने चाललेली असतात. दोन ट्रॉल्या असतील तर तीन.

ही व्याख्या शब्दशः लावली तर कारखान्याच्या रस्त्यावर दिसणारे ‘जुगाड’ही तिच्यात येते. बैल जुंपलेली टायरगाडी मोटार वाहन नसते. तीच गाडी छोट्या ट्रॅक्टरमागे अडकवली की ती मोटार वाहनाने ओढलेले वाहन होते.

मग ट्रॉलीची नोंदणी लागते?

लागते. कायद्याचे कलम ६१ खास ट्रेलरसाठीच आहे. इतर वाहनांच्या नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू आहेत. ट्रेलरचा क्रमांक ओढणाऱ्या वाहनाच्या बाजूला दिसला पाहिजे आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक सर्वांत शेवटच्या ट्रेलरवर. हेतू साधा आहे. धडक देऊन निघून गेलेले वाहन मागून ओळखता यावे. आपल्याकडे शेवटच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर देवाचे नाव असते, मुलांची नावे असतात, क्रमांक तेवढा नसतो.

हा नियम फक्त शेतकऱ्यांसाठी नाही. मोटारीमागे दुचाकी, बोट किंवा सामान नेण्यासाठी वेल्डिंगच्या दुकानातून छोटा ट्रेलर करून घेणाऱ्या हौशी मंडळींनाही तो लागू आहे. बंद पडलेली गाडी ओढून गॅरेजला नेणे वेगळे आणि बिननोंदणीचा ट्रेलर रोज वापरणे वेगळे.

लायसन्स कोणते हवे?

हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रॅक्टर आहे. अट एवढीच, की त्याचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसावे. आपल्याकडचे नेहमीचे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या आसपास असतात, म्हणजे या मर्यादेच्या बरेच आत.

ट्रॉली जोडल्यावर हे लायसन्स निरुपयोगी होते का? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात याचे उत्तर दिले. ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन्स असेल, तर केवळ मागे ट्रेलर जोडून माल नेला म्हणून ते निष्प्रभ होत नाही.

पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही हलक्या वाहनांबाबतचा वाद मिटवला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्या वर्षानुवर्षे हा मुद्दा पुढे करून भरपाई नाकारत होत्या.

निकाल योग्यच आहेत. मात्र त्यांचा गावोगावी ‘आता काहीच लागत नाही’ असा अर्थ घेतला जाऊ नये. लायसन्सच नसलेल्या पोराच्या हाती स्टिअरिंग दिले तर कायद्यात चालकाला ५,००० रुपये आणि देणाऱ्या मालकालाही ५,००० रुपये दंड आहे.

खरी अडचण विम्याची

ट्रॅक्टरचा विमा बहुतेकांकडे असतो, कारण कर्ज देताना बँक तो मागते. ट्रॉलीची नोंद त्या पॉलिसीत आहे का, हे फारच थोडे लोक तपासतात. ट्रॉली वेगळे वाहन असल्याने तिची विम्याची नोंदही वेगळी लागते. अपघात ट्रॉलीमुळे झाला आणि पॉलिसीत फक्त ट्रॅक्टरच असला, की विमा कंपनी हात वर करते.

दुसरा खड्डा वापराचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे आणि कृषी ट्रेलर प्रामुख्याने शेतमालासाठी असतो. पॉलिसी ‘फक्त शेतीकामासाठी’ आणि ट्रॉलीत भाड्याने वाळू, विटा किंवा मंडपाचे सामान, अशी स्थिती असेल तर तोच मुद्दा दाव्यात आडवा येतो.

तिसरा खड्डा माणसांचा. ऊसतोड मजूर बायकामुलांसह, भांड्याकुंड्यांसह ट्रॉलीतूनच फडावर येतात आणि हंगाम संपला की तसेच गावी परततात. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, चालकाचे. ट्रॉली उलटली तर आत बसलेल्यांच्या भरपाईवरून वर्षानुवर्षे खटले चालतात. न्यायालय अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. पीडितांना त्यातून दिलासा मिळतो. मालक मात्र स्वतःच कर्जात बुडालेला शेतकरी असतो, आणि ती वसुली शेवटी त्याच्या जमिनीपर्यंत पोहोचते.

विम्याशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या वेळचा दंड आहे २,००० रुपये. भीती त्या दोन हजारांची नाही. भीती त्यानंतर येणाऱ्या लाखोंच्या भरपाईची आहे.

दंडाने प्रश्न सुटेल?

क्षमतेपेक्षा जास्त भार असेल तर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. माल वाहनाच्या बाजूंबाहेर आला तरी २०,००० रुपये. कागदावर हे पुरेसे कडक आहे. पण हंगामात पोलिसांनी रात्री प्रत्येक ट्रॉली अडवायची म्हटली तर वाहतूक ठप्प होईल, ऊस वाळेल, वजन घटेल आणि नुकसान पुन्हा शेतकऱ्याचेच होईल.

म्हणून तपासणीची जागा बदलायला हवी. प्रत्येक ट्रॉलीला एका ठिकाणी थांबावेच लागते: कारखान्याच्या वजनकाट्यावर. कारखाना हंगामाआधी वाहतूकदाराशी करार करतो, त्याला उचल देतो, त्याच्या खेपांचा हिशेब ठेवतो. त्याच करारात तीन अटी घाला. ट्रॉलीची नोंदणी, विम्यात ट्रॉलीचा उल्लेख, आणि मागे दिवा व लाल रिफ्लेक्टर. यातले काहीही नसेल तर काट्यावर नोंद नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने रिफ्लेक्टर वाटपाचे कार्यक्रम करतात, फोटोही छापून येतात. त्याऐवजी काट्यावर रोज रात्री एक माणूस टॉर्च घेऊन उभा राहिला तर जास्त जीव वाचतील.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. जुन्या ट्रॉलीचे बिल सापडत नाही, बनवणारा कारागीर कधीच धंदा सोडून गेलेला असतो, आणि आरटीओत हेलपाटे मारायला वेळ नसतो. अशांना नुसता दंड लावणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात ट्रॉल्या अंगणात उभ्या असतात. त्या काळात परिवहन विभागाने कारखान्याच्या गटनिहाय शिबिरे घ्यावीत, ट्रॉल्या जागेवर तपासाव्यात आणि नियमात बसतील त्यांची नोंदणी तिथेच करावी. ज्या बसणार नाहीत, त्या रस्त्यावर येऊ देऊ नयेत.

तोवर ट्रॅक्टर मालकाने आज एवढे तरी करावे. पॉलिसी उघडून तीत ट्रॉलीचा क्रमांक आहे का ते पाहावे. नसेल तर पुढची खेप भरण्याआधी एजंटाला फोन करावा. आणि संध्याकाळी ट्रॉलीच्या मागे पन्नास पावले जाऊन उभे राहावे. तिथून ट्रॉली नीट दिसली नाही, तर रात्री मोटारसायकलवरून घरी येणाऱ्या आपल्याच गावच्या पोरालाही ती दिसणार नाही.