रुग्णाची बिल्टी

आमच्या फैजपूर-सावदा भागातून केळीचा ट्रक दिल्लीकडे निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर बिल्टी असते; माल कोणी भरला, किती भरला, कोणाच्या हवाली करावयाचा, हे तीत नमूद असते, आणि उतरवून घेणारा मोजदाद केल्यावाचून पोच देत नाही. नाशवंत मालाविषयी पाळली जाणारी ही दक्षता रुग्णालयात एका विभागातून दुसऱ्या विभागात नेल्या जाणाऱ्या मनुष्याच्या वाट्याला कितपत येते, हा प्रश्न जून २०२० पासून माझ्या मनातून जात नाही.

त्या महिन्यात जळगावच्या शासकीय रुग्णालयात करोनामुळे दाखल असलेली एक वृद्ध स्त्री खाटेवरून नाहीशी झाली. तिचा ठावठिकाणा कोणासच सांगता येईना. आणि सुमारे आठ दिवसांनी, १० जून रोजी, दुर्गंधी सुटल्यावर, त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. शासनाने अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले, आणि ते आवश्यकच होते. परंतु निलंबनाच्या हुकमाने माणसे बदलतात, दोन खात्यांमधील पोकळी तशीच राहते. खाटांची नोंद ठेवणारे आणि स्वच्छतागृहाची जबाबदारी वाहणारे यांची साधी रुजवात त्या आठ दिवसांत घडली नाही, हे मला त्या प्रकरणातील सर्वांत भयंकर सत्य वाटते.

ही पोकळी मी स्वतः पाहिली आहे. एका रुग्णालयात माझ्या थोरल्या वहिनींना दाखल केले, तेव्हा अमुक इंजेक्शन त्यांना सोसत नाही, हे आम्ही अपघात विभागात सांगितले व ते तेथील केसपेपरवर लिहिलेही गेले. पण वॉर्डात नवा कागद झाला, सिस्टरांची ड्युटी बदलली, आणि तेच इंजेक्शन भरून आणले गेले. वहिनींनीच हात आखडून घेतला म्हणून निभावले. त्या शुद्धीवर नसत्या तर? जुना केसपेपर त्या वेळी पुतण्याच्या खिशात होता, कारण आपल्याकडे विभागा-विभागांमधला हरकाऱ्या म्हणजे रुग्णाचा नातेवाईक!

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावयाची १९ कलमांची यादी सिद्ध केली. दिल्लीच्या एका रुग्णालयासह जगातील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. कापण्यापूर्वी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी एकमेकांस आपले नाव व काम सांगावे, हेही त्या यादीतील एक कलम आहे. परिचारिकेचे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला ती शंका विचारण्यास कचरत नाही.

मग पाळी बदलताना जाणाऱ्या व येणाऱ्या सिस्टरांनी प्रत्येक खाटेजवळ उभे राहून, रुग्णाला नावाने हाक मारून ताबा द्यावा व घ्यावा, रिकामी खाट दिसताच स्वच्छतागृहापासून शोध सुरू व्हावा, आणि विभाग बदलताना दोन्हीकडच्या सह्यांचा एकच कागद रुग्णाबरोबर जावा, एवढी तजवीज अशक्य का असावी? मनुष्यबळ अपुरे आहे, हे मला मान्य आहे; पण जेथे माणसे थोडी, तेथेच विसर पडण्याचा धोका अधिक. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील भावी डॉक्टरांना वॉर्डात पाऊल टाकल्यापासून परिचारिकांच्या शेजारी उभे करून ताबा देण्या-घेण्याचा हा अभ्यास घडवावा, आणि त्याची सुरुवात त्याच रुग्णालयाच्या खाटांपासून व्हावी.