काळी यादी आणि सुनावणीचा हक्क

(द्वितीय वर्ष, कला)

पूल खचला, शाळेची भिंत पडली, पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला की आपल्या सर्वांच्या तोंडी एकच मागणी असते: ‘ठेकेदाराला काळ्या यादीत टाका!’ मागणी रास्त आहे. जनतेच्या पैशाशी बेइमानी करणाऱ्याच्या हाती पुन्हा जनतेचाच पैसा का द्यावा? परंतु काळ्या यादीत टाकतात म्हणजे नेमके काय करतात, ते कोण ठरवतो आणि ठरवण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकतो का, याचा विचार आपण क्वचितच करतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सुनावणी ही ठेकेदारावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती नीट झाली नाही तर अखेर नुकसान जनतेचेच होते.

सरकारी खाते दोन प्रकारे दार बंद करते. चौकशी चालू असेपर्यंत व्यवहार थांबवणे हे निलंबन. दोष ठरल्यावर ठराविक मुदतीसाठी निविदा भरण्यास मनाई करणे ही बंदी. हिलाच आपण काळी यादी म्हणतो. यावर कोणी म्हणेल, सरकार हेही एक गिऱ्हाईकच. आपण एका वाण्याचे दुकान सोडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा पहिल्याची सुनावणी घेतो काय? हा युक्तिवाद टिकणारा नाही. पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या ‘इरुशियन इक्विपमेंट’ खटल्यात १९७४ साली सरन्यायाधीश अजितनाथ रे यांच्या न्यायपीठाने स्पष्ट केले की, सरकारने आपल्याशीच करार करावा असा हक्क कोणालाही नाही, पण समान वागणुकीचा हक्क प्रत्येकाला आहे. काळ्या यादीने माणसाच्या नावाला बट्टा लागतो. म्हणून त्याआधी त्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. पुढे १९८८ साली बिहारमधील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, नियमात तसे लिहिलेले नसले तरी ही संधी द्यावीच लागेल. आज तर केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम १५१ मध्ये, ते स्पष्ट लिहिलेले आहे.

म्हणजे कायद्यात उणीव नाही. मग घोडे अडते कुठे? ते अडते नोटिशीत.

केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने एर्नाकुलम येथील एका ठेकेदाराला नोटीस दिली. तिचा अर्थ एवढाच निघत होता की, हे काम तुमच्याकडून काढून तुमच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेऊ. प्रत्यक्षात बंदी घातली ती पुढील सर्व कामांवर. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१४ साली दिल्ली सरकारचा एक आदेश असाच रद्द झाला. एका सुरक्षा संस्थेला दिलेल्या नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेखच नव्हता. नंतर २०२० साली पाळी आली भारतीय अन्न महामंडळाची, आणि चूक तीच! पहिल्या निकालापासून तिसऱ्यापर्यंत बेचाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात नोटिशीत एक वाक्य स्पष्ट लिहिण्याचे आपल्या कचेऱ्यांना जमू नये, याला काय म्हणावे?

यातले तिसरे प्रकरण आपण विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण ते परीक्षेचे आहे. मध्य प्रदेशात महामंडळाच्या पहारेकऱ्यांच्या भरतीसाठी एप्रिल २०१८ मध्ये परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या संशयावरून पोलिसांनी अनेकांना पकडले. परीक्षा घेणाऱ्या कंपनीला महामंडळाने पाच वर्षांसाठी काळ्या यादीत टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. काळ्या यादीने माणसाचा जणू नागरी मृत्यूच घडू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. आणि अशी शिक्षा प्रस्तावित असल्याचे नोटिशीत स्पष्ट सांगितलेले नव्हते. झाले! दोष कंपनीचा होता की नव्हता, या प्रश्नाला हात घालण्याची गरजच उरली नाही. कंपनी निर्दोष असेल, तर निष्कारण बदनाम झाली. दोषी असेल, तर एका वाक्याच्या अभावी काळ्या यादीतून सुटली. रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या उमेदवारांना मात्र उत्तर मिळाले नाही. सुनावणी कच्ची ठेवणे म्हणजे अपराध्याला मागचे दार उघडून देणे, ते असे.

याउलट भुवनेश्वरचे उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळून एक जण मरण पावला, अकरा जखमी झाले. ओडिशा सरकारने चौकशी केली, कारणे दाखवा नोटीस दिली, उत्तर मागवले आणि मग बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. परंतु बाजू मांडण्याची संधी दिलेली असल्यामुळे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. फक्त ती कायमची असू नये म्हणून मुदत पाच वर्षांची केली. रीत पाळली म्हणून शिक्षा टिकली, हे यातून शिकण्यासारखे आहे.

आता या विषयाची दुसरी बाजू. मोठ्या कंपनीजवळ वकील असतात. ती दिल्लीपर्यंत जाते. लहान ठेकेदाराने, मजूर सहकारी संस्थेने, पोषण आहार पुरवणाऱ्या बचत गटातील बायकांनी कोठे जावे? माझे वडील गवंडीकाम करतात. ते ज्यांच्या हाताखाली होते, त्या चौथी शिकलेल्या ठेकेदाराला एका कार्यालयाची नोटीस आली. मी कॉलेजात जातो म्हणून ते ती माझ्याकडे घेऊन आले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ येथून सुरू झालेला मजकूर ‘अन्यथा नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ येथे संपत होता. योग्य ती म्हणजे कोणती? दंड? अनामत जप्त? की दार कायमचे बंद? नोटीस मराठीतच होती, पण तिच्यातून मला ते सांगता येईना. पुढे त्यांची कामे बंद झाली आणि चार महिने वडिलांसह अकरा माणसांच्या हाताला काम नव्हते. काम खरोखर वाईट झाले होते की नाही, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. काळ्या यादीत नाव एकाचे लागते. चूल अनेकांची विझते.

यावर एक आक्षेप येईल. सुनावणीच्या नावाखाली तारखांवर तारखा पडतील आणि तोवर तोच ठेकेदार दुसरा पूल बांधील. आक्षेप खोटा नाही. पण त्यासाठीच निलंबनाची सोय आहे. धोका मोठा असेल तर व्यवहार आजच थांबवा; मात्र चौकशी ठरलेल्या मुदतीत पुरी करा. निलंबन अनिश्चित काळ लोंबकळत ठेवणे ही बिनसुनावणीची शिक्षाच होय.

मागणी अवघड नाही. काय चुकले आणि कोणती शिक्षा योजली आहे, हे नोटिशीत साध्या मराठीत लिहावे. ज्या अहवालावर आरोप उभा आहे त्याची प्रत द्यावी. ज्या अभियंत्याने त्या कामाची बिले मंजूर केली, त्यानेच न्यायाधीश होऊन बसू नये. कारण काम निकृष्ट असेल तर त्याचीही जबाबदारी तपासावी लागेल. आणि निकालात कारणे व मुदत दोन्ही असावीत.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येक जण स्पर्धा परीक्षा देऊन याच कचेऱ्यांत बसणार आहेत. समोर नोटिशीचा मसुदा येईल, जुन्या फायलीतून जसाच्या तसा उतरवलेला. सही करण्यापूर्वी तो एकदा, ज्याला जाणार आहे त्याच्या डोळ्यांनी वाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये आणि चोरही सुटू नये, यासाठी त्याहून मोठ्या सुधारणेची वाट पाहण्याचे कारण नाही.