घरांतील संगीत आणि थोड्या वॉटांचें यंत्र

संगीत ऐकण्याचें यंत्र घरीं घ्यावयाचें ठरलें म्हणजे दुकानांत पहिला प्रश्न होतो तो "किती वॉटांचें?" हा. जितका आंकडा मोठा तितकी वस्तु चांगली, असा समज आमच्या विद्यार्थ्यांचा व त्यांच्या पालकांचाहि झालेला दिसतो. भातकापणी आटोपून किंवा चिकूचे पैसे हातीं येऊन नाताळ अथवा लग्नसराई जवळ आली कीं, प्रसंगीं उसनवारी करूनहि, हजार वॉट लिहिलेली पेटी रानशेतसारख्या गांवांतील दहा फुटांच्या खोलींत येऊन बसते. आमचें मत याच्या उलट आहे. घरीं ऐकण्यास ३ ते ५ वॉट पुष्कळ झाले. आणि ज्यास ऐपत व हौस दोन्ही आहेत, त्यानें असें यंत्र कांचेच्या नळ्यांचें, म्हणजे व्हॉल्व्हचें, घेतल्यास त्यास कोणी वेडा म्हणूं नये.

वॉटांचा हिशेब असा आहे. मनुष्य साधें बोलतो तेव्हां त्याच्या मुखांतून निघणारी ध्वनिशक्ति वॉटाच्या एक-दोन लाखांशांहून फारशी अधिक नसते. उलट लाउडस्पीकर मोठा उधळ्या. मिळालेल्या विजेपैकीं शेंकडा १ भागाचा ध्वनि केला तरी त्यानें चांगलें केलें म्हणावयाचें. तरीहि साधारण स्पीकर १ वॉटावर १ मीटर अंतरीं सुमारें ८८ डेसिबेल आवाज देतो. समोरासमोरचें बोलणें ६० च्या आसपास असतें. गवयानें तान एकाएकी उंच नेली तर क्षणभर दसपट शक्ति लागते, म्हणून अर्ध्या वॉटावर ऐकणारानें ५ वॉटांची सोय ठेवावी. त्यापुढचे वॉट घरांत नुसते निजून असतात. शिवाय वॉट दुप्पट केल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा ३ डेसिबेल वाढतो. कानास दुप्पट वाटावयास सुमारें दसपट वॉट लागतात.

तेव्हां स्पीकर आधीं निवडावा, यंत्र मागाहून. ८८ ऐवजीं ९५ डेसिबेल देणारा स्पीकर मिळाला तर ३ वॉटांचें यंत्र १५ वॉटांचें काम करतें. ही संख्या ज्या दुकानदारास सांगतां येत नाहीं, त्याच्या दुकानांतून आम्ही तरी रिकाम्या हातानें परत येऊं.

आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलांस हें पटविणें अवघड पडूं नये. वारली वादक भोपळ्याच्या तारप्यांत एकट्याच्या दमानें फुंकतो आणि नाचणारांचें सारें वर्तुळ त्या स्वरावर फिरतें. तेथें वॉट कोण विचारतो? १९०२ सालीं गौहर जान यांचें गाणें कलकत्त्यास मुद्रित झालें, तें कर्ण्यासमोर गाऊन. विजेच्या वर्धकाचा त्यांत संबंधहि नव्हता.

आतां नळ्यांविषयीं. ली डी फॉरेस्ट यांची नळी १९०६ ची; १९४७ त ट्रान्झिस्टर निघाला आणि पुढें त्यानें नळ्यांस बहुतेक घरांतून हांकलून दिलें. आज त्या मुख्यत्वें रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथें होतात. १९३३ ची टू-ए-थ्री ही नळी एकटी साडेतीन वॉट देते. ई-एल-८४ पांचाच्या वर जाते. घरास आम्ही दुसरी सुचवूं, कारण ती अद्याप नवी मिळते व बेताच्या किमतीस मिळते. नळीचा आवाज अधिक खरा असतो असें तिचे भक्त म्हणतात, तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. एका नळीचें यंत्र मूळ स्वरांत त्याच्याच वरच्या सप्तकांतील स्वराचा किंचित् अंश मिसळतें. षड्जांत तार षड्ज मिसळला तर कानास तें गोड लागतें, इतकेंच. गोडी खरी आहे, पण ती भर आहे.

या यंत्राचे दोषहि पालकांनीं ऐकून घ्यावे. एक ई-एल-८४ नळी सुमारें १७ वॉट वीज खाऊन ५ वॉट देते. बाकी सारी उष्णता. आंत २५० ते ३०० व्होल्टांचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरहि कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकतो. लहान मुलें असलेल्या घरीं नळ्यांवर जाळी हवीच, आणि झांकण उघडणें जाणत्याचें काम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हलका असेल तर डग्ग्याचा घुमारा गेलाच म्हणून समजा. ज्यांस हा खर्च झेपत नाहीं त्यांनीं लहानसें ट्रान्झिस्टरचें यंत्र घ्यावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. कर्ज काढून मात्र दोहोंपैकीं कोणतेंच घेऊं नये.

मोठ्या पेटीविषयीं आमचा खरा आक्षेप पैशांपुरता नाहीं. ८५ डेसिबेलांत आठ तासांहून अधिक राहणें कानास अपायकारक मानलें आहे, आणि आंतील कानाच्या सूक्ष्म पेशी एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. वर्गांत मागच्या बांकावरून "काय म्हणालांत, सर?" असें दोनदोनदां विचारणारा मुलगा नेहमीं दुर्लक्षीच असतो असें नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ती शेजाऱ्यासाठीं आहे, तर घरांतल्या मुलासाठीं कोणी घालावयाची?

यंत्र घेतांना दुकानदाराची तबकडी ऐकूं नये. नारायण वामन टिळकांचें घरीं तोंडपाठ असलेलें एखादें भजन किंवा बालगंधर्वांचें पद स्वतः घेऊन जावें, दोन मीटरांवर बसावें आणि आजीस आवाज न चढवितां बोलतां येईल इतक्याच आवाजांत पूर्ण ऐकावें. शब्द न् शब्द कळला तर यंत्र घरीं आणावें. आणि पहिल्या रात्रीं शेजारच्या खोलींत अभ्यास करणाऱ्या मुलास विचारावें, संगीत चालू होतें हें त्याला कळलें होतें काय?