आंबटशौकीन व्हायला काय हरकत आहे?

मराठीत ‘आंबटशौकीन’ हा शब्द कोणाबद्दल वापरतात ते सांगायला नको. लेक्चरमध्ये मागच्या बाकावर मोबाइल तिरका धरून काहीतरी बघत बसलेला तो. पण यात बिचाऱ्या आंबटाचा काय दोष? आपण शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावलेली कैरी, चिंच, बोरं, आवळे खाऊन मोठे झालोय. आमटीत आमसूल पडलं नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं जेवण जात नाही. आणि याच आपल्यातली पोरं मायक्रोब्रुअरीत बसून सावर बीअरचा पहिला घोट घेतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, “ए, ही खराब झालीये. बदलून घे.”

हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की आता मला त्याचीच गंमत वाटायला लागलीये. कारण बीअर बिघडलेली नसते. ती मुद्दाम आंबट केलेली असते, आणि चांगली केलेली असेल तर त्यामागे बरीच अक्कल असते.

मुळात मराठीएवढी या बीअरला जवळची भाषा नसेल. फर्मेंटेशनला आपण काय म्हणतो? आंबवणं. इडलीचं पीठ ‘आलं’ की नाही हे आई वासावरून सांगते, तेव्हा ती जे ओळखत असते तेच काम ब्रुअर करत असतो. साध्या बीअरमध्ये फक्त यीस्ट असतं. ते धान्यातली साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस तयार करतं, विषय संपला. सावर बीअरमध्ये त्याच्या जोडीला बॅक्टेरिया येतात, बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस. म्हणजे आपल्या दह्याच्या विरजणातली मंडळी. ती साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतात. म्हणून या बीअरचा आंबटपणा लिंबासारखा टोचणारा नसतो, ताकाच्या जवळचा असतो. फक्त ताकापेक्षा दोन पायऱ्या वर.

भारतात जी सावर मिळते ती बहुतेक वेळा झटपट पद्धतीची असते, तिला केटल सावर म्हणतात. धान्याचा गोड काढा कोमट ठेवायचा, बॅक्टेरिया सोडायचे, एक-दोन दिवसांत हवा तेवढा आंबटपणा आला की उकळून बॅक्टेरिया मारून टाकायचे आणि मग नेहमीसारखं यीस्ट घालायचं. यात कमीपणा काही नाही. रात्री विरजण लावून सकाळी दही खाणाऱ्यांनी तरी झटपट पद्धतीला नावं ठेवू नयेत.

पण या प्रकाराचे आजोबा वेगळेच आहेत. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपासच्या पट्ट्यात लँबिक नावाची बीअर बनते. तिथे यीस्ट घालतच नाहीत. बार्लीचं माल्ट आणि कच्चा गहू यांचा उकळलेला काढा पोटमाळ्यावरच्या एका उथळ, पसरट तांब्याच्या हौदात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. हवेतून जे काय पडेल ते पडू दे! सकाळी तो काढा लाकडी पिंपांत भरतात आणि एक ते तीन वर्षं विसरून जातात. नवी आणि जुनी लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की ती गझ, आंबट चेरी घालून मुरवली की क्रीक. हॉप्ससुद्धा मुद्दाम जुने, वास उडालेले वापरतात, कारण त्यांना कडवटपणा नको असतो, फक्त टिकाऊपणा हवा असतो. १९०० मध्ये सुरू झालेली कँटिलॉन नावाची ब्रसेल्समधली ब्रुअरी हेच करते, आणि तिथे कोळ्यांची जाळी झाडत नाहीत. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, मग त्यांना हाकलायचं कशाला? आपल्याकडे एफडीएच्या इन्स्पेक्टरला हे समजावताना कोणाची काय अवस्था होईल, याची कल्पना करून बघा.

हा प्रकार फक्त थंडीत जमतो. रात्र गार नसेल तर नको ते जंतू आधी हात मारतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सला रात्री उबदार राहिल्या, तर कँटिलॉनला चक्क काम थांबवावं लागलं होतं. हवामानबदलावर प्रोजेक्ट करताना हिमनद्यांचे तेच ते फोटो टाकण्यापेक्षा हे उदाहरण टाका, मास्तर दचकतील.

माझी आवडती मात्र गोझे. जर्मनीतल्या गोस्लार गावची, पुढे लाइपझिगमध्ये लाडकी झाली. त्यात काय घालतात? मीठ आणि धणे. आंबट, किंचित खारट, धण्याचा वास, वर फेस. अहो, हा मठ्ठाच झाला की! १९६६ मध्ये लाइपझिगची शेवटची गोझे ब्रुअरी बंद पडली आणि ही बीअर जवळजवळ संपली होती. ऐंशीच्या दशकात तिथल्याच एका पबवाल्याने ती पुन्हा बनवून घेतली, आणि आज जगभरचे ब्रुअर तिच्यात वाटेल ती फळं घालतात. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ आणि कोकम घालून एल केली, ती मला याच घराण्यातली वाटते. कोकम, मीठ, फेस. सोलकढी पिऊन मोठं झालेल्या माणसाला यात परकं काय वाटावं?

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या वयाच्या गटांत बीअरचा हिशोब एकाच गोष्टीवर होतो: किक. कमीत कमी पैशात जास्तीत जास्त. म्हणून स्ट्राँग. आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, बर्फासारखी गार, म्हणजे चव कळायलाच नको, आणि घटाघटा. हॉस्टेलवर बॉटम्स-अपला टाळ्या पडतात. जो मागे राहतो त्याची खेचली जाते आणि जी मुलगी नको म्हणते तिला ‘संस्कारी’ म्हटलं जातं. घरात या विषयावर एक तर ‘एकच प्याला’ मोडमधलं भाषण असतं नाहीतर काकांचे थर्टीफर्स्टचे विनोद. चवीबद्दल कोणी काही बोलतच नाही. चहा कसा हवा यावर आपल्या घरात अर्धा तास वाद होतो. पण दारू म्हटली की प्यायची किंवा नाही प्यायची, एवढ्या दोनच बाजू.

सावर बीअर हा हिशोब बिघडवते आणि म्हणूनच मला ती आवडते. बर्लिनर वाइसंसारखी सावर तीनेक टक्क्यांची असते, गोझे साधारण चार-पाचची. ती घटाघटा पिताच येत नाही, जिभेच्या कडा आवळतात. घोट घ्यावा लागतो, थांबावं लागतं, समोरच्याला “तुला काय लागतंय?” असं विचारावं लागतं. एका ग्लासात एक संध्याकाळ जाते. महागही आहेच. पण जो ग्लास तुम्ही दीड तास पुरवता तो तीन स्ट्राँग बाटल्यांपेक्षा महाग कसा, हे मला कोणी गणित मांडून दाखवावं.

कोणी म्हणेल, हे सगळे श्रीमंतांचे चोचले. थोडं खरं आहे. मायक्रोब्रुअरीचा एक ग्लास म्हणजे मेसचे कितीतरी डबे, आणि असा पर्याय पुण्या-मुंबईबाहेर फारसा नाही. वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. म्हणून मी कोणाला ‘प्यायला लागा’ असं सांगत नाहीये. जे नाही पीत त्यांनी कशाला सुरू करायची? कायदाही स्पष्ट आहे: महाराष्ट्रात माइल्ड बीअर २१ व्या वर्षी, स्ट्राँग बीअर आणि कडक दारू २५ व्या वर्षी, आणि परवाना लागतो तो वेगळाच. एफवाय-एसवायच्या मंडळींनी हा लेख कात्रण करून ठेवावा. माझं म्हणणं त्यांच्यासाठी आहे जे तसेही पितात, वाईट पितात आणि मग बाइकला किक मारतात.

तर चांगली कुठे मिळते? पुण्याला या बाबतीत मान द्यावाच लागतो. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. मुंढव्याची इंडिपेन्डन्स त्यानंतरची. आणि मुंबईकरांनी नाक वर करण्याआधी लक्षात घ्यावं की त्यांच्या क्राफ्ट बीअरच्या सुरुवातीच्या दिवसांत गेटवे ब्रुइंगची बीअर डोंबिवलीहून यायची. हो, डोंबिवली फास्टवालीच.

पण नावं पाठ करण्यापेक्षा जागा ओळखायला शिका. सावर कायम मेन्यूवर नसते, फळाच्या हंगामाप्रमाणे येते-जाते. जिथे फळ्यावरची यादी खोडून पुन्हा लिहिलेली दिसते तिथे बसा. आधी चवीपुरता छोटा ग्लास मागा, चांगल्या ठिकाणी फुकट देतात आणि तोंडही करत नाहीत. वेटरला विचारा की आंबटपणा कशाचा आहे. “सर, फ्लेवर आहे” असं उत्तर आलं (मुलींनाही सर म्हणतात), तर समजा की साध्या व्हीट बीअरमध्ये पॅशनफ्रूटचं सिरप ओतलंय. हा प्रकार हल्ली फार बोकाळलाय. गुलाबी रंग, वर फुलाची पाकळी, रील छान येतं, चव मात्र वितळलेल्या पेप्सीकोल्यासारखी. खरी सावर प्यायल्यावर तोंडाला पाणी सुटतं. नकली प्यायल्यावर ओठ चिकटतात. एवढी एक खूण पुरे.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. बेल्जियमची बीअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. गोव्याने फेणीला २००९ मध्ये जीआय मिळवून दिलं. आपल्याकडे काय? ताड, माड, शिंदीचा रस पहाटे उतरवतात तेव्हा ती नीरा. मडक्याला आतून चुना लावतात, थंड ठेवतात, कारण नाहीतर ती दुपारपर्यंत आपोआप आंबते आणि ताडी होते. कोणी यीस्ट घालत नाही. जे काय करायचं ते हवा आणि मडकं करतं. लँबिकचीच गोष्ट, फक्त तीन वर्षांऐवजी अर्ध्या दिवसात! पण लँबिक पिणारा रसिक आणि ताडी पिणारा बेवडा. झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या पिढीजात कसबाला मान नाही आणि पुढच्या पिढीला त्यात जायचं नाही. मागणी उरते, माल कमी पडतो, मग क्लोरल हायड्रेट घातलेली विषारी ताडी विकली जाते आणि माणसं मरतात. त्यावर बातमी येते तीही चार ओळींची.

वसई-पालघरच्या झाडाची, तपासलेली, तारीख घातलेली ताजी ताडी एखाद्या ब्रुअरीने कोकमवाल्या एलच्या शेजारच्या नळाला लावावी, परवान्याचं बघावं सरकारने. झाडावर चढणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहा. त्या ग्लासाचे मी क्राफ्टच्या भावाने पैसे देईन, आणि टेबलावर कोणी “खराब झालीये” म्हणालं तर त्याचाही ग्लास माझ्याकडे सरकवा.